दोन सिलिंडर, चार सिलिंडर

आमच्या घरात कुठलीही वस्तू रिकामी बघून विकत घेतली गेली नाही. हा अब्बांचा कायदा. खाट घ्यायची तर दुकानातच तिच्यावर चार माणसं बसवायची, आणि घरची चार नसली तर रस्त्यावरची दोन बोलवायची. कुकर घेताना अम्मीनं घरून धुतलेले तांदूळ नेले होते. खोपोलीच्या भांडीवाल्यानं स्वतःच्या स्टोव्हवर तीन शिट्ट्या काढून दाखवल्या तेव्हा कुठं तो कुकर आमच्या घरी आला, आणि भात वाया कशाला घालवायचा म्हणून भातासकट आला. मी पाचवीत असताना माझं दप्तर घ्यायचं होतं, तर अब्बांनी त्यात नटबोल्टची पिशवी टाकून ते दुकानाच्या दारात दहा मिनिटं टांगून ठेवलं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं तिथून जाताना बघत होती. अस्सं तोंड लपवावंसं वाटलं होतं मला! अम्मी म्हणायची, मला बघायला आले तेव्हा दोन भरले हंडे उचलून चालायला लावतील म्हणून मी दोन दिवस घाबरून होते. त्यावर अब्बा शांतपणे म्हणायचे, तिथंच चुकलं आमचं.

अब्बांचं गॅरेज कुंभिवलीला, हायवेच्या कडेला. पुढं गॅरेज, मागं आमच्या दोन खोल्या, मध्ये एक पडदा, आणि त्या पडद्याला येताजाता लागलेले काळे हात. थोरली बहीण, आमची आपा, लग्न होऊन नेरळला गेलेली, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सकाळी अम्मी भाकऱ्या थापायला बसली की पुढून हातोडी सुरू व्हायची, आणि कुठला ठोका परातीतला नि कुठला लोखंडावरचा हे मला झोपेतसुद्धा कळायचं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, कधी वालाचं बिरडं, आणि सगळ्याला कणभर ग्रीसचा वास. लोक नाक मुरडतील, पण मला अजून नुसत्या स्वच्छ घरात जेवण गोड लागत नाही. हायवेवरून ट्रक जात राहायचे. जेवता जेवता अब्बा मध्येच हातातला घास थांबवायचे आणि म्हणायचे, ह्याचा क्लच काय घाटाच्या वर जात नाय. अम्मी विचारायची, तो तुमचं गिऱ्हाईक हाय का? नाय ना? मग खावा.

पार कळंब-नेरळपर्यंतची माणसं जुना टेंपो घ्यायचा असला की अब्बांना सोबत न्यायची. अब्बा आधी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मुठीला कान लावायचे, डोळे मिटायचे. पण त्यांचा खरा भरवसा कानावर नव्हता, घाटावर होता. घेणारा रोज जेवढा माल वाहणार तेवढा माल टेंपोत भरायचा, वर एक पोतं जास्तीचं टाकायचं आणि खोपोलीवरून बोरघाट चढायचा. अर्ध्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. तिथं प्रत्येक ड्रायव्हर रुपया टाकतो, अब्बाही टाकायचे. तुम्ही मुसलमान असून कसे, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, घाट त्याचा हाय, आपण वापरतो, भाडं नको द्यायला? तर त्या शिंग्रोबापर्यंत इंजिनाच्या तापाचा काटा चढला नाही, दम तुटला नाही, तर गाडी घ्यायची. तुटला तर परत फिरायचं, मग मालक कितीही कसमा खाऊ दे.

आता मूळ गोष्टीवर येते. मी बारावी सायन्स झाले होते. बरे मार्क पडले होते, पण पेढे वाटावेत असे नाही. अब्बांचा धाकटा भाऊ, हमीदचाचा, खालापूरजवळच्या एका पाइपच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचा. त्यानं माझ्यासाठी तिथल्या हिशेबाच्या ऑफिसात शब्द टाकला होता. साहेब म्हणाले होते, हिशेबाचा क्लास केलेली आणि स्वतःचा लॅपटॉप असलेली मुलगी असेल तर लगेच घेतो. चाचाचा यात काडीचाही स्वार्थ नव्हता, हे आज लिहून ठेवते, कारण पुढं मी त्याला फार दुखावलं. घरात सगळे खूश होते. ऑफिस पंख्याखालचं, रिक्षानं वीस मिनिटांवरचं. बी.कॉम. बाहेरून करायचं असंही ठरलं. हिशेबाचा क्लास मी सुट्टीत केला होता, राहिला होता फक्त लॅपटॉप.

आणि माझ्या पर्समध्ये, घडी घालून घालून कापडासारखा मऊ झालेला एक कागद होता. मेकॅनिकल डिप्लोमाच्या यादीत माझं नाव लागलं होतं. सोमवारी दुपारपर्यंत जाऊन जागा पक्की केली नाही तर ती पुढच्याला जाणार होती. हे घरात कोणालाही माहीत नव्हतं. फॉर्म मी मैत्रिणीच्या घरून भरला होता.

हे खूळ डोक्यात शिरलं ते अब्बांमुळेच. वर्षभरापूर्वी एका पंपाचं आतलं चाक तुटलं होतं, तसलं बनवून घ्यायला ते मला सोबत घेऊन हायवेवरच्या एका जॉबवर्कच्या शेडमध्ये गेले. तिथल्या माणसानं तुटके तुकडे मोजले आणि कॉम्प्युटरवर ते चाक काढलं. नुसतं चित्र नव्हे, अख्खं चाक. माउस हलवला की फिरायचं, उलटं व्हायचं, चिरून आतून दिसायचं. अब्बा बाहेर चहा पीत होते आणि मी तिथं तासभर खांबासारखी उभी होते. पुढं मी काही ना काही निमित्त काढून त्या शेडमध्ये जायला लागले. त्या भल्या माणसानं मला ते चाक आणि ते उघडण्यापुरतं एक सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर दिलं. माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता. तरी तो पेन ड्राइव्ह मी ओढणीच्या टोकाला बांधून फिरायचे, काय करणार?

लॅपटॉप निवडायचं काम घरानं माझ्यावर सोपवलं, आणि मी खोपोलीच्या सायबर कॅफेत बसून वहीत तक्ता केला. आमच्या ऐपतीत दोनच बसत होते. एकावर निळं स्टिकर होतं, एकावर काळं, म्हणून घरात त्यांची नावं निळा आणि काळा अशीच पडली. बाहेरून दोघं जुळे भाऊ. स्क्रीन तेवढाच, वजन तेवढंच. फरक सगळा आतल्या प्रोसेसरचा. निळ्याचा दोन कोअरचा, त्यावर लिहिलेला वेग मात्र मोठा आणि कंपनीचं नाव चहाच्या टपरीवरही ठाऊक असलेलं. काळ्याचा चार कोअरचा, कागदावरचा वेग कमी, नाव आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही आणि किंमत साडेपाच हजारांनी जास्त. मला काळा हवा होता, का ते सांगायची सोय नव्हती. मग मी खोटं बोलायला लागले. हिशेबाला चार कोअर लागतातच असं मी जेवताना इतक्या ठामपणे सांगितलं की चाचाही मान हलवायला लागला.

अब्बा मात्र वही घेऊन ओसरीवर बसले. हे गिगाहर्ट्झ म्हणजे काय? मी म्हटलं, एका सेकंदात प्रोसेसर किती वेळा ठोका देतो ते. "म्हणजे आरपीएम," ते म्हणाले. आणि कोअर? एका वेळी किती जण काम करतात ते. म्हणजे सिलिंडर. मला वाटलं, झालं, आता पुढचं काही कळणार नाही. पण त्यांनी कॅश मेमरीवर बोट ठेवलं. मला सायबर कॅफेत अर्धा तास वाचूनही ते नीट समजलं नव्हतं, तरी तोंडाला येईल ते सांगितलं, की प्रोसेसरला सारखं लागणारं सामान तो तिथं जवळ ठेवतो. अब्बा म्हणाले, हां, म्हणजे खिशातले पाने. रॅम म्हणजे टेबलावर मांडलेले, आणि बाकीचं कपाटात. खिसा लहान असला तर मेस्त्री उठून उठूनच मरतो. पुढं कॉलेजात सरांनी हाच धडा दोन तास शिकवला आणि मला अब्बांचा खिसाच आठवत राहिला.

मग ते म्हणाले, निळ्याच्या आरपीएमवर जाऊ नको. आरपीएम रिक्षाचं पण मोठं असतं. मी आतल्या आत उड्या मारल्या. पण पुढचं वाक्य होतं, "पण मला सांग, हिशेबाला चार सिलिंडर कशाला? कोथिंबीर आणायला ट्रेलर?" मी म्हटलं, अब्बा, तुम्हाला नाय कळायचं. हे वाक्य आपल्या बापाला बोललेल्या सगळ्या लेकींनी एकदा एका जागी जमून माफी मागितली पाहिजे. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, शनवारी भर टाकून बघू.

आत्ता परवा, इतक्या वर्षांनी, आपाच्या मुलानं फोन केला होता. खाला, लॅपटॉप घ्यायचाय, हा बघ स्कोअर, तो बघ स्कोअर. मला एकामागून एक दहा तक्ते पाठवले त्यानं. हल्लीच्या पोरांना प्रोसेसरच्या सात पिढ्या तोंडपाठ असतात, स्वतःच्या आजोबांचं पूर्ण नाव विचारा, नाही सांगता येणार. मी त्याला एवढंच विचारलं, की तू त्यात करणार काय? त्यानं अकरावा तक्ता पाठवला. मलाही तेव्हा हा एकच प्रश्न नको होता.

शनिवारी आम्ही एका गिऱ्हाइकाच्या टेंपोतून कर्जतला गेलो. मंगेश नावाच्या तरुण माणसाचं दुकान होतं, स्टेशनच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. दुपारची वेळ, पाऊस लागलेला, दुकानात आम्ही दोघंच. मंगेशनं दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी चालू करून ठेवले. अब्बांनी आधी रुमालानं हात पुसले, मग वाकून एकेका लॅपटॉपला कान लावला. मी छताकडे बघत राहिले. निळ्याचा पंखा घसटतोय, ते म्हणाले, पण ते काय मोठं नाय. मंगेशनं दोन्हींवर सिनेमा लावून दाखवला, दोन-चार खिडक्या उघडल्या. दोन्ही मस्त चालले. अब्बांनी मान हलवली. म्हणाले, ही सवारी झाली मंगेशभाऊ, माल कुठाय? मंगेशला कळेना. तेव्हा अब्बांनी त्याला बोरघाट, शिंग्रोबा, वरचं पोतं, सगळं समजावलं आणि विचारलं, "ह्याचा घाट कुठला?"

मंगेश हुशार होता. हसला नाही. म्हणाला, काका, ते वापरणाऱ्यावर आहे. ताई काय काम करणार त्यावर? अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हिशेब. मंगेश प्रामाणिकही होता, आणि त्या घडीला मला त्याचा प्रामाणिकपणा विषासारखा वाटला. म्हणाला, मग काळ्याला पैसे घालू नका. हिशेबाला निळाच दहा वर्षं पुरेल. उगाच साडेपाच हजार कशाला? अब्बा म्हणाले, मी हेच म्हणतोय चार दिस. आणि त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला.

तो हात मला आजही आठवतो. पैसे मंगेशच्या हातात पडले की निळा घरी येणार होता, आणि निळ्याबरोबर ते पंख्याखालचं ऑफिस, आणि सोमवार दुपार कोणाच्याही लक्षात न येता निघून जाणार होती. कोणी जबरदस्ती करत नव्हतं, तेच वाईट होतं. भांडायलाही कोणी नव्हतं. मी ओढणीची गाठ सोडायला लागले आणि ती सुटेना, ओल्या कापडाची गाठ ती. शेवटी दातानं सोडवली. पेन ड्राइव्ह मंगेशच्या पुढं ठेवला आणि म्हटलं, "अब्बा, थांबा. माल हा हाय."

मंगेशनं दोन्हींवर ते सॉफ्टवेअर टाकलं. त्यात पंचवीस मिनिटं गेली, तोवर अब्बा बसून राहिले. पैसे खिशात, हात मांडीवर. मग मंगेशनं आधी निळ्यावर ते पंपाचं चाक उघडलं. पडदा पांढरा झाला. थांबलो. चाक अर्धं दिसलं, मी ते फिरवायला गेले तर पुन्हा पांढरा पडदा, आणि पंखा असा ओरडायला लागला की मंगेशनंच हात पुढं केला आणि प्रोग्रॅम बंद केला. मग काळा. काळ्यालाही सोपं गेलं नाही. तोही अडखळला, तापला. पण चाक पूर्ण उघडलं, आणि मी माउस हलवला तसं सावकाश, अडत अडत, फिरलं. अब्बांनी काळ्याच्या पोटाखाली हात घालून बघितला. "गरम झालाय," ते म्हणाले, "पण दम सोडला नाय." आणि उठून जिन्यात जाऊन उभे राहिले.

मी मागोमाग गेले. तिथं, जिन्यात, पर्समधला कागद काढून त्यांना दिला आणि सगळं सांगितलं. फॉर्म, यादी, सोमवार, सगळं. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. मग मला कळंबच्या एका माणसाची गोष्ट सांगितली, जी मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. भाजी नेणार म्हणून त्यानं अब्बांकडून टेंपो बघून घेतला, भाजीच्याच वजनानं घाट चढवला, आणि महिनाभरानं त्यात रिसॉर्टच्या बांधकामाची खडी भरली. उतारावर ब्रेक गेले. माणूस वाचला, पण एक पाय अधू झाला, आणि त्याची बायको गॅरेजच्या दारात येऊन अब्बांना बोलून गेली. अब्बांनी तिला उलट उत्तर दिलं नाही, कारण बाईला काय माहीत, माल कोणी खोटा सांगितला ते.

"तू मला माल खोटा सांगितलास," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. ते रागावले असते तर मी नसते रडले. त्यांनी विचारलं, "मला भ्यायलीस?" मी म्हटलं, "नाय. तुमी नको म्हणाला असतात तर मी ऐकलं असतं, म्हणून." खाली रिक्षावाल्यांची कसली तरी बाचाबाची चालली होती. मग त्यांनी कागदाची घडी, होती तश्शीच, घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, मी पण विचारलं नाय कधी, मला वाटलं मला माहीत हाय.

आत येऊन त्यांनी काळा घेतला. मंगेशनं तेवढ्यात तिसराच एक लॅपटॉप काढला, आणखी बारा हजारांनी महाग. एवढं मोठं काम आहे तर हा बघा म्हणाला. अब्बांनी त्याला हात जोडले. "वर एक पोतं पुरे भाऊ. दहा नकोत." प्रोसेसर कसा निवडावा यावर मी पुढं नोकरीत कितीतरी लोकांना सल्ला दिला, पण या वाक्यात भर घालण्यासारखं मला अजून काही सापडलेलं नाही. उरलेल्या पैशांत गॅरेजचे पत्रे बदलायचे होते. ते पुढच्या वर्षावर गेले आणि तो पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला.

संध्याकाळी हमीदचाचा जेवायला आला होता. लॅपटॉप बघायला म्हणूनच आला होता बिचारा, येताना हातात शेवयांची खीर घेऊन. मी टेंपोत अब्बांना म्हटलं होतं की चाचाला हळूहळू सांगू, आज नको. अब्बांनी जेवण व्हायचीही वाट बघितली नाही. "हमीद, ती हिशेब करणार नाय. ती मशिनी काढायला शिकणार हाय. तुझा शब्द मी मोडला, साहेबाला माझं नाव सांग." चाचाचा चेहरा पडला. मी साहेबाच्या दारात चार वेळा उभा राहिलो, एवढंच तो म्हणाला. भाकरी अर्धी टाकून उठला नाही, तेवढा मोठेपणा त्याच्यात होता, पण ती खाताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. पुढचे कितीतरी रविवार तो आला नाही. ईदेला आला, मला ईदी दिली, तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडले.

अम्मीचं वेगळं होतं. चाचा गेल्यावर ती भांडी घासत होती. मी शेजारी जाऊन बसले आणि विसळायला लागले. तिनं माझ्या हातातून ताट काढून घेतलं. म्हणाली, "बापाला खोटं सांगितलंस, बापानं माफ केलं. मला तर तू खोटं पण नाय सांगितलंस. मला काय विचारायचं, हिला काय कळतंय." मी म्हटलं, अम्मी, तसं नाय. पण तसंच होतं. माझ्या सगळ्या तक्त्यांत, बेतांत, खोट्या कारणांत अम्मी कुठंच नव्हती. तिला पटवायलाच लागेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. हे कळलं तेव्हा मला स्वतःची जी लाज वाटली, ती त्या दप्तराच्या वेळच्या लाजेसारखी नव्हती.

सोमवारी अब्बा मला घेऊन गेले आणि जागा पक्की झाली. लॅपटॉपला घरात जागा मिळाली ती मागच्या खोलीत, खिडकीखाली; स्वयंपाकाची खोली दुसरी, मध्ये तिथंही एक पडदा. कामाला लागला की तो तापायचा, म्हणून खाली हवा खेळायला मी त्याला पोळपाटावर ठेवायचे. चपात्यांच्या दिवशी अम्मी पडद्याआडून नुसता हात पुढं करायची, मी पोळपाट द्यायचे. स्क्रीनवर काय आहे हे तिनं एकदाही बघितलं नाही. रोज जेवायला हाक मारायची, माझ्या ताटात जास्तीचा बोंबील वाढायची, केसांना तेल लावायची, सगळं तसंच. फक्त त्या खिडकीपाशी यायची नाही. चार महिने. अम्मीचा राग बोलून निघत नसे. तो सुकवलेल्या मासळीसारखा टिकायचा.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. गॅरेजच्या मागं एका जुन्या टेंपोचा गिअरबॉक्स खोललेला पडला होता. कॉलेजातून आल्यावर मी त्यातला एकेक गिअर घासून काढायचे, अब्बांच्या व्हर्नियरनं मोजायचे, दाते मोजून वहीत लिहायचे आणि काळ्यावर काढायचे. महिना गेला त्यात. एकेक गिअर वेगळा असेपर्यंत काळा खुशीत होता, सगळे एकत्र जोडले तेव्हा त्याची जी तारांबळ उडाली ती बघवत नव्हती. पण मी त्याला दम खाऊ देत देत नेला. शेवटी वरची लोखंडी पेटी मी काचेसारखी आरपार केली, म्हणजे ती बंद असूनही आतलं दिसावं, आणि गिअर फिरते केले.

शुक्रवार होता. अब्बा नमाज पढून आले होते, गॅरेज बंद होतं, आणि ते सहज माझ्यामागं येऊन उभे राहिले. मी म्हटलं, अब्बा, बघा. पहिला गिअर टाकला. मोठं चाक सावकाश फिरायला लागलं, त्याचे दाते लहान चाकाच्या दातांत बसायला लागले, सुटायला लागले. अब्बा खाली बसले. त्यांनी बोट पुढं केलं आणि स्क्रीनला न लावता तसंच धरून ठेवलं. दुसरा टाक, म्हणाले. टाकला. आता रिव्हर्स. मधलं चाक सरकून आत आलं आणि सगळं उलटं फिरायला लागलं. ते किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडे बघत होते.

"पेटी खोलली की ती थांबलेली असते," ते हळूच म्हणाले. "बंद केली की दिसत नाय. तीस वर्सं झाली मला. चालताना मी तिला कधी बघितलीच नव्हती."

मग त्यांनी मान वळवून पडद्याकडे हाक मारली. "अगं, इकडं ये जरा. मी दिवसभर काय करतो ते बघ."

आतून अम्मी म्हणाली, माझे हात पिठाचे हायेत. अब्बा म्हणाले, असू देत. ती आली, पण पडद्यापाशीच थांबली. अब्बांनी तिला बसायला जागा केली आणि सांगायला लागले, हे इंजिनाकडून येतं, हे चाकाकडे जातं, हा दाता तुटला की तो आवाज येतो, आठवतो का, ह्याच टेंपोचा यायचा. लग्नाला इतकी वर्षं झालेली, पण आपल्या नवऱ्याचं काम अम्मीनं त्याच्या काळ्या कपड्यांपलीकडे कधी बघितलं नव्हतं, आणि त्यांनीही दाखवलं नव्हतं; दाखवण्यासारखं काही असतं हे त्यांनाही वाटलं नसावं. ती एक पाऊल पुढं आली. मग आणखी एक.

"हे हिनं काढलं?" तिनं त्यांना विचारलं.

"हिनंच."

अम्मी हातांचं पीठ सांभाळत, कोपरं वर धरून, माझ्या शेजारी खाली बसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. स्क्रीनवरचे गिअर एव्हाना थांबले होते. तिनं जरा वेळ बघितलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "परत फिरव गं."